हातात नोकरी आहे, मग पदवीला जाऊ का?

प्रश्न: ताई, मेकॅनिकलचा डिप्लोमा नुकताच झाला. एका टूलरूममध्ये ट्रेनी म्हणून घेतायत, आणि पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षालाही प्रवेश मिळतोय. मला मशीनवर काम करायचंय. बाबा म्हणतात, शिक्षण एकदा सुटलं की सुटलं. नुसत्या डिप्लोमावर अडकेन अशी भीती मलाही वाटते. काय करू? – एक वाचक

उत्तर: बाबांचं म्हणणं उडवून लावू नकोस. शिक्षण सुटतं ते बहुतेक वेळा असंच, ‘एक वर्ष काम करू, मग बघू’ म्हणत. तरी मी तुला आधी नोकरी धर असंच सांगेन. कारण माझ्या पहिल्या वर्षातलं आहे.

डिप्लोमानंतर मी तपासणी विभागात लागले. ॲल्युमिनियमच्या एका भागाला 100 मिलिमीटरचं बोअर, म्हणजे गोल भोक होतं, एच7 टॉलरन्समधलं. म्हणजे मापाला वर 35 मायक्रॉनची (मिलिमीटरच्या हजाराव्या भागांची) सूट, खाली शून्य. संध्याकाळी भाग मशीनवरून उतरले तसे मोजले. बोअर गेजवर 100.012. पास केले, सही केली. सकाळी असेंब्लीतून निरोप: गो गेज (भोक किमान मापाचं तरी आहे का, हे पाहायचा दंडगोल) आत जात नाही. धावत जाऊन स्वतः लावून पाहिलं. खरंच जात नव्हतं. आदल्या संध्याकाळी तो भाग माझ्या हाताला कोमट लागला होता. ॲल्युमिनियम दर अंशाला मीटरमागे सुमारे 23 मायक्रॉन वाढतं. भाग दहा अंशांनी गरम असेल तर 100 मिलिमीटरवर 23 मायक्रॉनचा फरक पडतो. रात्रीत भाग थंड होऊन आखडला आणि बोअर 100 च्या खाली गेलं. मोजमापाचं ठरलेलं तापमान 20 अंश सेल्सिअस, हे मी परीक्षेत लिहून गुण मिळवले होते. सूत्र पाठ होतं आणि कोमट भाग हातात होता, पण दोन्हींची गाठ डोक्यात पडलीच नव्हती.

तीन वर्षांनी संध्याकाळच्या वर्गांतून पदवी करायला लागले, तेव्हा धड्याधड्याला कुठला ना कुठला रिजेक्ट झालेला भाग आठवायचा. सरळ पुढे शिकत गेले असते तर तसं शिकणं मिळालं नसतं. पण गणित पार गंजलं होतं. इंटिग्रेशनची साधी उदाहरणं सुटेनात, आणि पहिल्या सत्रात राहिलेला विषय गणिताचाच. म्हणून नोकरी धरलीस तरी गणिताचं पुस्तक माळ्यावर टाकू नकोस. आठवड्याला दोन तास दे, पण दे.

होकार देण्याआधी एक विचारून घे: मिलिंग, ग्राइंडिंग, ईडीएम (विजेच्या ठिणग्यांनी धातू कापणं), तपासणी असं फिरवणार, की एकाच मशीनवर नुसते जॉब चढवायला-उतरवायला लावणार? दुसरं असेल तर ती नोकरी सोड आणि पदवीला जा. तिथलं शिकणं पहिल्या महिन्यातच संपेल. हे साहेबांपेक्षा तिथल्या जुन्या ट्रेनीला विचारलेलं बरं. परीक्षेला रजा मिळते का, तेही त्यालाच ठाऊक असेल. तुझा ओढा डिझाइनकडे असता तर मी आधी पदवीच कर म्हटलं असतं, पण तू मशीन लिहिलंयस.

बाबांना ‘पुढे शिकेन’ असं मोघम सांगू नकोस. कोणत्या वर्षी प्रवेश घेणार ते लिहून त्यांच्या हातात दे. आणि आत्ता सोडलेला प्रवेश तेव्हा याच गुणांवर मिळेल का, ते आजच कॉलेजात जाऊन विचार.