ट्यूबच्या मागे लागलेली मुलगी

प्रश्न : माझी मुलगी नाशिकला टी.वाय.बी.एस्सी. केमिस्ट्री करते. द्राक्षाच्या बियांमधले अँटिऑक्सिडंट हा तिचा प्रोजेक्ट. काचेच्या ट्यूबमध्ये एक आकडा येतो, प्लास्टिकच्या ट्यूबमध्ये वेगळाच. बियांचा अर्क न घालताही रंग उतरतो, म्हणते. सर म्हणाले, ट्यूब बदल आणि पुढे जा, पण ती तिथेच अडून बसली आहे. तिला एम.एस्सी. करायचं आहे, तिचे बाबा बँकेच्या परीक्षा दे म्हणतात. ट्यूब तपासून कुणाचं पोट भरतं का?
– एक आई, इंदिरानगर

उत्तर : ताई, भरतं. सलाइनची पिशवी, भरलेली सिरिंज, डोळ्यांच्या थेंबांची बाटली यांच्या प्लास्टिकमधून औषधात काय उतरतं, हे औषध कंपन्यांना तपासून दाखवावं लागतं. या कामाला 'एक्स्ट्रॅक्टेबल्स अँड लीचेबल्स' म्हणतात आणि त्यासाठी खास प्रयोगशाळा आहेत.

तुमच्या लेकीला जे दिसलं ते शक्य कोटीतलं आहे. अशा प्रोजेक्टमध्ये बहुधा डीपीपीएच वापरतात. तो स्वतःच एक फ्री रॅडिकल, म्हणजे जोडीदार नसलेला इलेक्ट्रॉन बाळगणारा रेणू, रंगाने गडद जांभळा. अशा रॅडिकलना शांत करणारा पदार्थ, म्हणजे अँटिऑक्सिडंट, भेटला की पिवळट होतो, आणि ५१७ नॅनोमीटरवर रीडिंग घेऊन रंग किती उतरला ते मोजतात. आता ट्यूब ज्या पॉलिप्रॉपिलीन नावाच्या प्लास्टिकची असते, ते टिकावं म्हणून कारखान्यातच त्यात अँटिऑक्सिडंट मिसळतात. डीपीपीएच ज्यात विरघळवतात त्या मिथेनॉलमध्ये ते थोडे उतरले, तर ट्यूबची कामगिरी बियांच्या खात्यावर जमा होते.

उलटही घडतं. निर्जंतुक ट्यूबना बऱ्याचदा गॅमा किरण देतात. आपल्या लासलगावच्या केंद्रात कांद्याला कोंब फुटू नयेत म्हणून देतात तेच, पण कांद्याला शंभर ग्रेच्याही (ग्रे हे किरणांची मात्रा मोजायचं एकक) आत पुरतात आणि प्लास्टिकला रूढ मात्रा २५,००० ग्रेची. त्या माऱ्याने प्लास्टिकमध्येच फ्री रॅडिकल तयार होतात. पॉलिप्रॉपिलीनमध्ये ते बराच काळ रेंगाळतात आणि हवेतल्या ऑक्सिजनशी जुळून पेरॉक्साइड बनवतात. ही पेरॉक्साइड अर्कातलं अँटिऑक्सिडंट खर्ची घालू शकतात, मग बियांचा आकडा कमी दिसतो.

नामांकित प्रयोगशाळाही यात फसल्या आहेत. २००८ मध्ये कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठातल्या संशोधकांनी 'सायन्स'मध्ये दाखवून दिलं, की साध्या ट्यूब आणि पिपेट टिपांमधून उतरणारी रसायनं एन्झाइमचे आकडे बदलतात. त्यातलं एक ओलिअमाइड, साच्यातून माल सुटावा म्हणून वापरलेलं.

तरी तिने घाई करू नये. डीपीपीएच उजेडातही फिका पडतो, आणि काचेला साबण राहिला तरी आकडा हलतो. नुसतं मिथेनॉल रात्रभर काचेत, साध्या ट्यूबमध्ये आणि निर्जंतुक ट्यूबमध्ये ठेवावं. दुसऱ्या दिवशी तिन्हींतलं मिथेनॉल धुतलेल्या काचेत काढून, अंधारात, एकाच डीपीपीएचबरोबर तपासावं. प्रत्येक तीनदा. पाकिटावरचा लॉट नंबर वहीत लिहावा. फरक टिकला, तर दोन पानं रिपोर्टला जोडावीत. सरांशी वाद नको. बियांचा प्रोजेक्ट काचेत वेळेवर पूर्ण करावा, हे सरांचं म्हणणं बरोबरच आहे.

पुढचं स्पष्ट सांगते. नुसत्या बी.एस्सी.वर अंबड, सातपूर किंवा सिन्नरच्या कंपनीत क्यूसीचं, म्हणजे मालाचा दर्जा तपासण्याचं काम मिळू शकतं. शिफ्ट असते, तेच तेच काम असतं. तिच्या आवडीच्या कामाला अॅनालिटिकल केमिस्ट्रीतलं एम.एस्सी. आणि जीसी-एमएस, एलसी-एमएस या मिश्रणातले घटक वेगळे करून ओळखणाऱ्या यंत्रांवर बसलेला हात लागतो. एम.एस्सी.च्या प्रवेशासाठी आयआयटी जॅम द्यावी, सीयूईटी पीजी द्यावी, पुणे विद्यापीठाचा अर्जही भरून ठेवावा. प्लास्टिकच्याच रसायनात शिरायचं असेल, तर मुंबईची आयसीटी (इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी) आणि पुढे पीएच.डी.साठी पुण्याची एनसीएल (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा) ही नावं लक्षात ठेवा. नोकरीसाठी नाशिक सोडावं लागेल. तुमच्या मनाची तयारी त्यासाठीही हवी.

बाबांची काळजी मला समजते. बँकेच्या परीक्षेची दारं पदवीनंतर काही वर्षं उघडी राहतात, जॅमची तयारी मात्र केमिस्ट्री डोक्यात ताजी असतानाच होते. हे वर्ष तिला जॅमसाठी द्या. आणि तो रिपोर्ट तिच्या बाबांनी एकदा तिच्यासमोर बसून, तिला विचारत विचारत वाचावा. मुलाखतीत तिला हेच प्रश्न येणार आहेत.