इसबाचं मलम किती लावायचं, आणि कुणी?

प्रश्न : माझ्या सहा वर्षांच्या मुलाला कोपराच्या आणि गुडघ्यामागच्या खाचेत इसब आहे. रात्रभर खाजवतो, सकाळी चादरीवर रक्ताचे ठिपके दिसतात. डॉक्टरांनी मोमेटासोनचं मलम दिलंय. ते स्टेरॉइड आहे म्हणून मी राईएवढंच लावते, दोन दिवसांत बंद करते. मग पुन्हा उठतं. सासूबाई म्हणतात, कातडी पातळ होईल. माझे दीर मात्र तीच ट्यूब जांघेतल्या गजकर्णाला लावतात, त्यांना लगेच आराम पडला.
— एक आई, कराड

उत्तर : ताई, आधी लेकराचं बघू. ओपीडीत मी आईच्याच बोटावर मलम काढून दाखवते. तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेराच्या रेघेपर्यंत एक पट्टी, म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम. मोठ्या माणसाच्या दोन तळहातांएवढ्या जागेला, बोटं धरून, तेवढं पुरतं. मुलाच्या चारही खाचा मिळून जवळपास तेवढ्याच भरतील. राईएवढ्यानं काय होणार? खाज दोन दिवसांत थांबते, आतली सूज थांबत नाही. दिवसातून एकदा, डॉक्टरांनी सांगितलेले दिवस पुरे होईपर्यंत लावा. आंघोळीनंतर अंग ओलसर असतानाच मॉइश्चरायझर, अर्ध्या तासानं मलम.

सासूबाईंचं खोटं नाही. पण कातडी पातळ होते ती महिनोन्महिने मनानंच लावत राहिल्यानं. चेहऱ्यावर आणि जांघेत तर फार लवकर.

म्हणूनच मला काळजी दिरांची वाटते. गजकर्ण ही बुरशी. स्टेरॉइडनं खाज दबते, कडेचं उठलेलं वर्तुळ फिकं पडतं, आणि बुरशी पसरत राहते. मागच्या पावसाळ्यात कॉलेजातला एक मुलगा आला होता. क्लोबेटासॉल हे फार जोरदार स्टेरॉइड मिसळलेलं मलम दुकानातून आणून चार महिने लावलेलं. दोन्ही जांघांत बोटाएवढ्या रुंद लाल चिरा, कातडी पातळ होऊन ताणल्याच्या खुणा. त्या फिक्या होतात, जात नाहीत. त्याला हे सांगताना मला फार वाईट वाटलं. 2018 मध्ये केंद्र सरकारनं अनेक स्टेरॉइड मलमं चिठ्ठीच्या औषधांत घातली, तरी मागितली की मिळतात.

दिरांना म्हणावं, मलम आजच थांबवा आणि ती ट्यूब घेऊनच त्वचेच्या डॉक्टरांकडे जा. थांबवल्यावर काही दिवस खाज उसळेल, घाबरून पुन्हा लावू नका. त्यांचा टॉवेल वेगळा ठेवा. मुलासाठी नवी ट्यूब आणा, आणि तिच्यावर पेनानं त्याचं नाव घाला.