शहरात वेग मोजणारे स्वयंचलित कॅमेरे लावायला तुमचा विरोध का आहे?

तुमचा प्रश्न असा आहे की वेगामुळे माणसं मरतात हे उघड दिसत असताना स्पीड कॅमेऱ्याला विरोध करणारे नेमकं काय वाचवू बघतात. बाकीच्यांचं मी सांगू शकत नाही. मी पुण्यात नऱ्ह्याला राहतो, अपघातांसाठी बदनाम असलेला नवले पूल रोजच्या वाटेवर आहे, आणि तरीही माझा विरोध आहे. खरं तर नवले पुलामुळेच आहे.

कात्रजच्या नव्या बोगद्यातून बाहेर पडलं की रस्ता थेट नवले पुलापर्यंत उतरत जातो. डोळ्यांना तो उतार वाटतच नाही. पाय ॲक्सिलरेटरवरून काढून घ्या आणि काटा बघत बसा, तो आपोआप वर सरकतो. माझ्या छोट्या गाडीची ही गत, तर साताऱ्याकडून माल भरून आलेल्या ट्रकची काय होत असेल! 20 नोव्हेंबर 2022 च्या रात्री अशाच एका अवजड गाडीने तिथे कितीतरी वाहनं ठोकली. डिझेल वाचवायला चालकाने उतारावर इंजिन बंद केलं होतं, असं पोलिसांनी तपासानंतर सांगितलं. मोठ्या गाड्यांचे ब्रेक हवेच्या दाबावर चालतात आणि ती हवा भरणारा कंप्रेसर इंजिनावर फिरतो. इंजिन बंद केलं की टाकीत आहे तेवढीच हवा, प्रत्येक वेळी पेडल दाबलं की कमी होणारी. आता त्या वाटेवर चार कॅमेरे असते तर काय झालं असतं? नंबरप्लेटचे चार स्वच्छ फोटो निघाले असते.

13 नोव्हेंबर 2025 ला तिथेच पुन्हा कंटेनर सुटला, गाड्या पेटल्या, आठ जण गेले. त्यानंतर वेगमर्यादा 60 वरून 30 करायचं ठरलं आणि कॅमेऱ्यांची चर्चा जोरात सुरू झाली. उतार मात्र आहे तिथेच आहे. मला राग येतो तो याचा. रस्ता ओरडून सांगतो ‘ऐंशीने ये’, खांबावरची पाटी पुटपुटते ‘हळू ये’, आणि या दोघांच्या भांडणात पावती फाटते ड्रायव्हरच्या नावाने.

आता माझं चलन. गेल्या वर्षी एका संध्याकाळी मेसेज आला: उड्डाणपुलावर मर्यादा 50, तुमचा वेग 64, दंड दोन हजार. तारीख बघितली तर जवळपास दोन महिन्यांपूर्वीची. त्या दिवशी मी कुठे चाललो होतो हेसुद्धा आठवेना. बायको म्हणाली, ‘अहो, ताईंकडे डोहाळजेवणाला गेलो होतो तेव्हाचं असणार.’ त्या दोन महिन्यांत मी त्याच उड्डाणपुलावरून त्याच वेगाने किती वेळा गेलो असेन! गॅसवर हात ठेवला आणि चटका दोन महिन्यांनी बसला, तर हात मागे घ्यायला कोण शिकेल?

रविवारी मुद्दाम जाऊन 50 ची पाटी शोधली. सापडली. तिच्यापुढे कुणा ‘दादां’च्या वाढदिवसाचा फ्लेक्स बांधलेला होता, वर मोठे दादा, खाली पासपोर्ट साइझचे पंधरा-वीस शुभेच्छुक. फ्लेक्सच्या वरच्या कडेतून लाल गोलाचा एक तुकडा तेवढा डोकावत होता. फोटो काढला, तक्रार टाकली, सोबत जोडला. उत्तर आलं एका ओळीचं: चलन योग्य आहे.

गंमत म्हणजे नियम माझ्याच बाजूचा होता. केंद्राने ऑगस्ट 2021 मध्ये मोटार वाहन नियमांत 167अ आणला. त्यात लिहिलंय की कॅमेऱ्याची नजर असलेल्या टप्प्याआधी ठळक दिसेल असा फलक हवा, गुन्ह्याची सूचना 15 दिवसांत जायला हवी, यंत्राला मान्यतेचा दाखला हवा आणि तो दरवर्षी नव्याने घ्यायला हवा. कागदावर छान आहे. पण हे पाळलं गेलं नाही तर यंत्रणेला दंड कोण करणार, ते कुठेच नाही. मी 14 ने चुकलो तर दोन हजार, समोरचा दीड महिना चुकला तर ‘चलन योग्य आहे’.

यंत्राचंच घ्या. मंडईतल्या भाजीवालीच्या वजनावर वैधमापनवाल्यांचा शिक्का नसेल तर तिची पंचाईत होते. रडारवर चालणाऱ्या वेगमापकांची अशी पडताळणी करून शिक्का मारायचे नियम देशात लागू झाले 1 जुलै 2025 पासून. म्हणजे पाव किलो मेथीला जी शिस्त होती ती दोन हजारांच्या दंडाला इतकी वर्षं नव्हती.

आणि पावती जाते गाडीच्या मालकाला, चालवणाऱ्याला नाही. आमच्या गल्लीत एक जण टेम्पोवर ड्रायव्हर आहे. मालक चलनाचे पैसे त्याच्या पगारातून कापतो, आणि तोच मालक ‘अकराच्या आत माल पोचला पाहिजे’ म्हणून दर दहा मिनिटांनी फोन करतो. जुलै 2025 मध्ये राज्यातल्या मालवाहतूकदारांनी ई-चलनाविरोधात संप केला, तेव्हा बातम्यांत मालकांचंच गाऱ्हाणं दिसलं. ड्रायव्हरचं कुणी विचारलं नाही.

एवढं करून पैसे तरी जमतात का? राज्यात फाडलेल्या ई-चलनांची निम्म्याहून जास्त रक्कम थकलेली आहे. ज्याला भीती आहे तो भरतो. ज्याने प्लेटवर ‘भाऊ’ दिसेल असे आकडे वाकवलेत, त्याला कॅमेरा ओळखतच नाही.

एक गोष्ट कबूल करतो, नाहीतर खाली कॉमेंटमध्ये तुम्ही विचारालच. कॅमेऱ्याने वेग अजिबात कमी होत नाही असं मी म्हणत नाही. कॅमेऱ्याच्या खांबाजवळ होतो. मॅपवरची बाई ‘पुढे स्पीड कॅमेरा’ म्हणाली की सगळे एकदम ब्रेक मारतात, मागचा दुचाकीवाला कसाबसा सावरतो, आणि खांब मागे पडला की पुन्हा तेच. दोन ठिकाणांमधला सरासरी वेग मोजणारी पद्धत याहून बरी, मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर ती आहेही. पण दर दोनशे मीटरवर चौक असलेल्या शहरात ती कशी बसवणार?

शाळेसमोर लावा, माझी हरकत नाही. आधी तिथे उंचवटा देऊन झेब्रा क्रॉसिंग करा, रस्ता थोडा अरुंद करा, पाटीवरचे फ्लेक्स काढा, मेसेज त्याच दिवशी पाठवा. एवढं करूनही कुणी उडवतच गेला तर खुशाल फाडा पावती. आमच्याकडे क्रम उलटा चालतो. कॅमेरा पहिल्यांदा येतो, कारण तो एका टेंडरमध्ये बसतो आणि उद्घाटनाला फीत कापता येते. उतार कापायला कुणी कात्री घेऊन येत नाही.

माझं चलन अजून भरलेलं नाही. लोकअदालतीत थोडी सूट मिळते म्हणतात, तिथल्या रांगेत उभा राहणार आहे. 64 ने होतो हे मी नाकारत नाही, बेशिस्त म्हणायचं तर जरूर म्हणा. मला फक्त तो पाटीचा फोटो एकदा कुणाला तरी समोर बसून दाखवायचाय.