वाचकांचे प्रश्न : एआयचा संशय आणि एआयचा उपद्रव

प्रश्न : मी कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवते. अकरावीचे प्रकल्प एका संकेतस्थळावर तपासले, तर एका मुलीच्या लेखनावर ‘८७ टक्के एआय’ असा शेरा आला. तिनेच लिहिलंय, असं ती रडकुंडीला येऊन सांगते. गुण कापू का?
– एक शिक्षिका, सातारा

उत्तर : नुसत्या त्या आकड्यावर मुळीच कापू नका. ८७ टक्के म्हणजे काय, हे प्रत्येक साधनाचं वेगळं असतं. कुठे तो मजकुराचा वाटा असतो, कुठे नुसती शक्यता.

मजकूर कोणी लिहिला हे या साधनांना दिसत नाही. पुढचा शब्द कितपत ओळखता येण्याजोगा आहे, वाक्यं किती एकसुरी आहेत, अशा खुणांवरून ती अंदाज बांधतात. आता ‘मानवी जीवनात पाण्याला अनन्यसाधारण महत्त्व आहे’ हे वाक्य घ्या. ‘अनन्यसाधारण’नंतर काय येणार, हे कोणीही सांगेल. अशी भाषा आपणच शाळेत घोटून घेतो आणि मग तिच्यावरच यंत्राचा शिक्का बसतो.

ओपनएआय या चॅटजीपीटीच्याच कंपनीने जानेवारी २०२३मध्ये असं साधन काढलं होतं. कंपनीच्याच चाचणीत त्याने एआयचा फक्त २६ टक्के मजकूर बरोबर ओळखला आणि माणसांनी लिहिलेल्या ९ टक्के मजकुराला एआयचा ठरवलं. इंग्रजीखेरीज इतर भाषांत ते आणखी कच्चं आहे, असंही कंपनीने सांगितलं होतं. जुलैत ते बंद केलं. त्या ९ टक्क्यांच्या हिशेबाने ६० प्रामाणिक मुलांच्या वर्गात पाचेक जण विनाकारण चोर ठरतात. त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या संशोधकांनी इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांचे टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेतले निबंध सात साधनांना दिले. सरासरी ६१ टक्के निबंध एआयचे ठरले.

मग करायचं काय? मुलीला एकटीला बोलवा, पण आरोपी म्हणून नको. प्रकल्पातले दोन परिच्छेद निवडा आणि हा मुद्दा कुठून घेतला, हा शब्द का वापरला, यावर पाच-दहा मिनिटं बोला. स्वतः लिहिणारी अडखळेल, पण सांगेल. संदर्भसूचीतली पुस्तकं खरोखर आहेत का, हे ग्रंथालयात पाहा. एआय पुस्तकांची आणि लेखांची नावं बेधडक रचतं. २०२३मध्ये न्यूयॉर्कच्या एका न्यायालयात वकिलांनी चॅटजीपीटीने रचलेले निवाडे सादर केले आणि ५,००० डॉलरचा दंड ओढवून घेतला. लेखन गूगल डॉक्समध्ये असेल, तर ‘फाइल’मधून आवृत्त्यांचा इतिहास उघडा. मजकूर हळूहळू वाढलेला दिसला, तर मुलीच्या बाजूने तो चांगला पुरावा आहे. एकदम चिकटवलेला दिसला, तरी लगेच निकाल देऊ नका. कित्येक मुलं आधी मोबाइलवर लिहून मग चिकटवतात.

पुढच्या वेळी आराखडा, हाताने लिहिलेला पहिला खर्डा आणि तोंडी चर्चा यांना मिळून निम्मे गुण ठेवा. एआय कुठवर चालेल, हे आधीच लेखी द्या. आणि मुलांची नावं असलेल्या फायली अनोळखी संकेतस्थळांवर चढवू नका.

प्रश्न : माझ्या २० वर्षांच्या भाचीचा साधा फोटो घेऊन कोणीतरी एआयने नग्न फोटो बनवला आहे आणि पैसे मागत आहे. घरचे म्हणतात, सगळं डिलीट कर आणि गप्प बस.
– एक वाचक, नाशिक

उत्तर : डिलीट करू नका, पैसेही देऊ नका. एकदा दिले की मागणी वाढते.

आधी पुरावा. स्क्रीनशॉटमध्ये खात्याचं युजरनेम, तारीख आणि वेळ दिसू द्या. वर दिसणारं नाव धमकावणारा केव्हाही बदलू शकतो, म्हणून प्रोफाइलची आणि पोस्टची लिंकही कॉपी करून ठेवा. फोन रिसेट करू नका, तो पुढे न्यायालयात लागतो. फोटो ‘बघ, हे काय चाललंय’ म्हणून नातेवाइकांना पाठवू नका. अश्लील मजकूर पुढे धाडणं हाही माहिती तंत्रज्ञान कायद्यात गुन्हा आहे.

मग फोटो किंवा धमकी ज्या ॲपवर आली, तिथे तक्रार आणि सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी पोर्टलवर नोंद. तिथे नाव न देता तक्रारीची सोय आहे, पण पाठपुरावा हवा असेल तर नावानिशी करा. एफआयआर कोणत्याही पोलीस ठाण्यात नोंदवता येतो. ‘आमची हद्द नाही’ हे कारण चालत नाही.

स्टॉपएनसीआयआय डॉट ऑर्ग ही मोफत सेवाही वापरा. फोटो भाचीच्या फोनमध्येच राहतो, त्याचा फक्त डिजिटल ठसा, म्हणजे फोटोवरून बनवलेला सांकेतिक क्रमांक, सहभागी कंपन्यांकडे जातो आणि तो जुळला की त्या फोटो अडवू शकतात. मात्र फोटो कापला किंवा बदलला, तर ठसा जुळेलच असं नाही. व्हॉट्सॲपच्या खासगी गप्पांतलं काही यातून थांबत नाही. मुलगी १८ खालची असेल, तर ‘टेक इट डाउन’ ही सेवा आहे आणि पॉक्सो हा बाललैंगिक अत्याचारविरोधी कायदाही लागू होतो.

प्रश्न : मुलाच्या आवाजात ‘अपघात झालाय, पैसे पाठवा’ असा फोन आला, तर आवाज खोटा आहे हे ओळखायचं कसं?
– एक ज्येष्ठ वाचक, ठाणे

उत्तर : कानाने ओळखण्याच्या भानगडीत पडू नका. मायक्रोसॉफ्टने २०२३मध्ये दाखवलेल्या प्रणालीला नमुना म्हणून तीन सेकंदांचा आवाज पुरत होता. फोन ठेवा आणि मुलाच्या नेहमीच्या नंबरवर तुम्ही स्वतः लावा. स्क्रीनवर त्याचंच नाव दिसलं होतं, तरीही लावा, कारण नंबरही खोटा दाखवता येतो. नाहीच लागला, तर सुनेला किंवा त्याच्या मित्राला विचारा. पैसे गेलेच असतील, तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर फोन करा. तेव्हा यूपीआय व्यवहाराचा १२ आकडी क्रमांक, रक्कम आणि वेळ हाताशी ठेवा. भामट्याने रक्कम काढून घ्यायच्या आत तक्रार पोचली, तरच बँकेला ती खात्यात रोखून धरता येते.