ग्वाल्हेरच्या घरात शॉवरखालची फरशी गरम करणारी मॅट बसवावी का?
शॉवरखाली नको, बसवायचीच तर बाहेर, जिथे अंग पुसायला उभे राहता तिथे. मी इथल्या लष्कर नावाच्या भागात बाथरूमची कामं घेतो. शॉवर सुरू झाला की गरम पाण्यानेच फरशी कोमट होते, पाय गारठतात ते बाहेर आल्यावर. आपली कडाक्याची थंडी डिसेंबर-जानेवारीपुरती. आणि मॅटमधली केबल बिघडली तर टाइल्ससोबत वॉटरप्रूफिंगही फोडावं लागतं, मग खालच्या छताला ओल आली की बसा भांडत. कोरड्या भागात चौरस मीटरला साधारण १५० वॅटची मॅट पुरते. थर्मोस्टॅट आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) हवाच. घरात कुणी वयस्कर स्टुलावर बसून अंघोळ करत असेल आणि बाथरूम तसंही फोडणार असाल, तर मात्र शॉवरखालीही घाला, पण ओल्या जागेसाठीचीच.