तुमचे प्रश्न: बॉम्ब पडला हे कबूल, पण मेलं कोण?

प्रश्न: साहेब नमस्कार. मी पलटणीतून रिटायर झालोय. ८७ ते ९० मधे आमच्या ओळखीतली बरीच पोरं शांतिसेनेतून श्रीलंकेला जाऊन आली. परवा माजी सैनिकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक जुना फोटो आला, तिथल्या एअरफोर्सनं शाळेच्या मुलींवर बॉम्ब टाकले म्हणून. अर्धे म्हणतात त्या एलटीटीईच्याच, म्हंजे तिथल्या तमिळ बंडखोर संघटनेच्याच पोरी, अर्धे म्हणतात साध्या विद्यार्थिनी, आणि भांडण इतकं पेटलं की दोघं ग्रुप सोडून गेले. खरं काय ते सांगा.
(एक माजी सुभेदार, खानापूर)

उत्तर: सुभेदारसाहेब, वर्णनावरून ही सेंचोलईची घटना वाटते. तारीख १४ ऑगस्ट २००६, जागा मुल्लैतीवू जिल्ह्यातलं वल्लीपुनम. सेंचोलई हे मुळात एलटीटीईनं सुरू केलेलं अनाथ मुलींचं वसतिगृह, आणि त्या आवारात त्या दिवशी आसपासच्या शाळांतल्या मोठ्या वर्गातल्या मुली शिबिराला आल्या होत्या, प्रथमोपचार वगैरे शिकायला. सकाळी विमानं आली. एलटीटीईनं सांगितलं ६१ मुली मेल्या, सरकारनं सांगितलं की ते ट्रेनिंग कॅम्प होतं आणि आमची हवेतून बरेच दिवस नजर होती. सरकार आणि एलटीटीईमधल्या युद्धबंदीवर देखरेख ठेवणारे नॉर्डिक देशांचे निरीक्षक लगेच तिथं पोचले, त्यांनी स्वतः मोजले ते १९ मृतदेह, पण लष्करी तळाची किंवा हत्यारांची काही खूण त्यांना दिसली नाही. युनिसेफच्या लोकांनीही जाऊन पाहिलं, त्यांचं म्हणणं या शाळेच्याच मुली.

आता तुमच्या ग्रुपवर ६१ की १९ यावरून पण जुंपली असणार. त्यात वेळ घालवू नका. त्याच वर्षी राष्ट्राध्यक्ष राजपक्षे यांनी गंभीर प्रकरणांसाठी चौकशी आयोग नेमला, त्याच्या यादीत हे प्रकरण आहे आणि तिथं ५१ जणांचा मृत्यू असं लिहिलंय. म्हंजे एलटीटीईनं फुगवलं असंल नसंल, सरकारी कागदावरच पन्नासाच्या वर माणसं मेलीत.

खरी गोम दुसरीकडं आहे. "त्या कोण होत्या" हे मेल्यावर ठरवता येत नाही, निदान ठरवू नये. बघा, एलटीटीई लहान पोरांना पळवून भरती करत होती हे खोटं नाही, युनिसेफकडंच त्याच्या हजारो नोंदी आहेत. त्यामुळं सरकारचं म्हणणं ऐकायला पटतं, आणि त्याच दिवशी कोलंबोत पाकिस्तानी राजदूताच्या ताफ्यावर स्फोट होऊन सात जण गेलेले, वातावरण तापलेलंच. पण मला विचाराल तर "एलटीटीई पोरी भरती करते" आणि "या पोरी भरती झालेल्या" ही दोन वाक्यं एक नाहीत, आणि ग्रुपवर पहिलं सिद्ध करून दुसरं जिंकल्याचा आव आणला जातो. हातात बंदूक घेऊन लढाईत उतरलेली सतरा वर्षांची पोरगी कायद्यानं टार्गेट होऊ शकते, कितीही वाईट वाटलं तरी. एलटीटीईनं भरवलेल्या शिबिरात पट्टी बांधायला शिकणारी होत नाही. तुम्ही फौजेत होता, तुम्हाला हे माझ्यापेक्षा जास्त कळतंय.

चौकशीचं काय झालं? त्या आयोगावर नजर ठेवायला परदेशी मान्यवरांची एक समिती होती, अध्यक्ष आपले माजी सरन्यायाधीश पी. एन. भगवती. २००८ मधे ही समिती बाहेर पडली, कारण काय तर चौकशी आंतरराष्ट्रीय दर्जाची होत नाही. माझं मत विचाराल तर निरीक्षकांचं खरं मानावं. ते तिथं गेले होते आणि त्यांना दोन्हीपैकी कुणाचीच बाजू घ्यायची नव्हती.

प्रश्न: म्यानमारच्या एका बातमीत आधी ५० मेले, मग १००, मग १६० च्या वर असं आलं. रोज आकडा वाढतोय म्हंजे खोटं नाही का?
(एक वाचक भगिनी, निपाणी)

उत्तर: ताई, पाझिजी गावाची बातमी असणार ती, सगाइंग विभाग, ११ एप्रिल २०२३. लष्कराच्या विरोधकांनी गावात ऑफिस उघडलं होतं, उद्घाटनाला जेवणखाण, बायकापोरं सगळी जमलेली, त्यावर जेटनं बॉम्ब टाकला आणि मागून हेलिकॉप्टरनं गोळीबार केला. अशा जागी प्रेतं अखंड नसतात ताई, त्यामुळं पहिल्या दिवशी दिसतात तेवढीच मोजतात, मग घराघरातून कोण परत आलं नाही ते विचारत यादी होते. आकडा सावकाश वाढला आणि सोबत नावं येत गेली तर ते खरं असण्याचीच शक्यता जास्त. पहिल्या तासातच गोल आकडा आला आणि पुढं कधी हललाच नाही तर मात्र मला शंका येते.

इथं लष्करानं हल्ला नाकारला नाही हं. ते म्हणाले आम्ही अतिरेक्यांवरच टाकला, आणि जास्त माणसं मेली ती तिथं साठवलेल्या स्फोटकांमुळं. हे उत्तर बऱ्याच युद्धांत ऐकायला मिळतं. कधीकधी त्यात तथ्यही असतं, पण हेलिकॉप्टरनं पळणाऱ्यांवर गोळ्या का झाडल्या याचं उत्तर त्यातून मिळत नाही.

प्रश्न: कुठलं सरकार चूक कबूल करतं का कधी?
(लॉ ची विद्यार्थिनी, टिळकवाडी)

उत्तर: करतं, गळ्याशी आल्यावर. येमेनच्या यादवीत सौदीच्या आघाडीनं ८ ऑक्टोबर २०१६ ला साना शहरात अंत्यविधीच्या हॉलवर बॉम्ब टाकले, १४० च्या आसपास माणसं गेली. आधी म्हणाले आमचा संबंध नाही, आणि आठवडाभरात म्हणाले चुकीच्या माहितीवरून झालं. २०१८ च्या ऑगस्टमधे येमेनमधल्याच दह्यानला शाळेच्या पोरांच्या बसवर, ४० पोरं गेली, तेव्हा आधी कारवाई कायदेशीर म्हणाले आणि महिना व्हायच्या आत चूक मान्य. दोन्हीकडं व्हिडिओ जगभर फिरले होते. कायदा शिकतेयस म्हणून सांगतो, यादवीला युद्धाचे नियम सांगणाऱ्या जिनीव्हा करारांचं सामाईक तिसरं कलम लागू होतं, त्याला जोडून १९७७ चा दुसरा प्रोटोकॉल आहे, त्यावर भारताची सही नाही. परीक्षेत विचारतील.

प्रश्न: आपल्या देशात आपल्याच लोकांवर विमानातून बॉम्ब पडलेत का? आमच्या गावात एअरफोर्सचं ट्रेनिंग स्कूल आहे म्हणून उत्सुकता.
(एक वाचक, सांबरा)

उत्तर: पडलेत. ऐझॉल, म्हंजे आजच्या मिझोरामची राजधानी, ५ मार्च १९६६. मिझो नॅशनल फ्रंट या बंडखोर संघटनेनं १ मार्चला स्वातंत्र्य जाहीर केलं होतं, आसाम रायफल्सचं ठाणं वेढलेलं, तेव्हा लढाऊ विमानं पाठवली गेली. त्यावेळी सरकारनं सांगितलं की विमानं माणसं आणि रसद टाकायला गेली होती. मिझो लोकांनी ते कधी मानलं नाही, ज्यांची घरं जळली ते कसं मानतील. संसदेत हे फार मोठ्यानं बोललं गेलं ते थेट ऑगस्ट २०२३ मधे, अविश्वास ठरावाच्या चर्चेत पंतप्रधान मोदींनी विषय काढला तेव्हा, आणि त्यावरही लगेच या पक्षाचं त्या पक्षाचं सुरू झालं. ऐझॉलला कधी गेलात तर म्हाताऱ्या माणसांना विचारा, सांगतात.