विमानाचं अपहरण पाच देशांत फिरलं, तर पुरावा एका कोर्टात कसा येतो?

तुम्ही विचारलंय की डिसेंबर १९९९ मध्ये अपहरण झालेलं इंडियन एअरलाइन्सचं आयसी-८१४ विमान काठमांडूहून निघून अमृतसर, लाहोर, दुबई आणि कंदाहार असं फिरलं, म्हणजे गुन्हा पाच देशांना शिवून गेला. मग या देशांनी भारताला पुरावे दिले की नाही, आणि शेवटी शिक्षा फक्त तिघांनाच का झाली?

मी फौजदारी वकिली करतो. अपहरणाचा खटला कधी चालवलेला नाही, पण परदेशातून पुरावा मागवलेली दोन प्रकरणं जवळून पाहिली आहेत. त्यातल्या एकात मी आरोपीतर्फे होतो. सव्वा वर्षाने परदेशातून पाकीट आलं. लाखेचा शिक्का, कोपऱ्यात भोक पाडून ओवलेली फीत, आत बँकेचे उतारे. तपास अधिकारी खूश. न्यायाधीशांनी दोन पानं उलटली आणि सरकारी वकिलांना विचारलं, "हे शाबीत कोण करणार?" बँकेचा माणूस इथे येणार नव्हता आणि विनंती पाठवताना उतारे खरे असल्याचं प्रमाणपत्र मागायचं राहून गेलं होतं. मी गप्प बसलो. माझ्या अशिलाचा फायदाच होता त्यात.

तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्या पाकिटात आहे. देश एकमेकांना माहिती भराभर देतात. इंटरपोलमार्फत, गुप्तचरांमार्फत, कधी नुसत्या फोनवर. पण ती पोलिसांनी पोलिसांना दिलेली माहिती असते. तिच्यावरून माणूस शोधता येतो, त्याला दोषी ठरवता येत नाही. पुरावा हवा असेल तर कोर्टाचं विनंतीपत्र लागतं, ज्याला आम्ही सगळे लेटर रोगेटरी किंवा नुसतं एलआर म्हणतो. पूर्वी ते फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १६६-अ खाली निघायचं, आता नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ११२ खाली निघतं. तपास अधिकारी आधी केंद्रीय गृह मंत्रालयाची संमती घेतो, मग कोर्टात अर्ज करतो. सोबत प्रकरणाची हकिकत, आपल्या कायद्याची कलमं, साक्षीदाराला विचारायचे प्रश्न आणि लागेल तिथे त्या देशाच्या भाषेतलं भाषांतर. कोर्टाने पत्र काढलं की ते परत दिल्लीमार्गे तिकडच्या सरकारकडे जातं, तिथून त्यांच्या कोर्टाकडे किंवा पोलिसांकडे, आणि उत्तर त्याच वाटेने उलटं येतं. एखादा प्रश्न विचारायचा राहिला तर पहिल्यापासून सुरुवात.

बरं, आलेला जबाब किंवा कागद हा तपासात गोळा केलेला पुरावा मानला जातो, एवढंच कायदा म्हणतो. तो सिद्ध करायचं काम उरतंच, आणि बचाव पक्षाचा उलटतपासाचा हक्कही उरतो. परदेशी साक्षीदाराला आपलं समन्स बांधत नाही. यावर थोडा इलाज २००३ साली निघाला. महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात अमेरिकेतल्या साक्षीदाराची साक्ष व्हिडिओवरून घेता येईल, असं सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं. पुढे फेब्रुवारी २०१६ मध्ये मुंबईच्या विशेष न्यायालयाने २६/११ च्या खटल्यात डेव्हिड हेडलीची साक्ष अमेरिकेतल्या कोठडीतून अशीच नोंदवली.

विमान अपहरणासाठी १९७० चा हेग करार आहे. त्याचं दहावं कलम म्हणतं की अशा खटल्यात देशांनी एकमेकांना जास्तीत जास्त साहाय्य करावं. वाचायला छान वाटतं. पण त्याच कलमात पुढे लिहिलंय की विनंती ज्या देशाला केली, त्याचा कायदा लागू राहील. म्हणजे मदत करायची, पण आपल्या घरच्या नियमांनी.

आता आयसी-८१४. कंदाहारला विमान २५ डिसेंबरपासून ३१ डिसेंबर १९९९ पर्यंत उभं होतं. अपहरणकर्ते तिथेच उतरून निघून गेले. भारताच्या लेखी ते गुन्ह्याचं मुख्य ठिकाण, पण एलआर पाठवायचं कोणाला? तालिबानच्या राजवटीला तेव्हा पाकिस्तान, सौदी अरेबिया आणि संयुक्त अरब अमिराती या तीनच देशांनी मान्यता दिली होती. आपला तिथे दूतावास नव्हता. धावपट्टीवरचा पंचनामा, विमानाच्या शिडीपाशी कोण कोणाशी बोललं, कोणत्या गाडीतून कोण गेलं, यातलं काही आपल्या तपास अधिकाऱ्याला रीतसर लिहून घेता येण्यासारखं नव्हतं. लाहोरबद्दल तर बोलायलाच नको.

हाताशी उरलं ते एवढं: परत आलेलं विमान, परत आलेले प्रवासी आणि कर्मचारी, आणि मुंबई. मुंबई पोलिसांनी अपहरण चालू असतानाच अपहरणकर्त्यांचा साथीदार अब्दुल लतीफला पकडलं, आणि अपहरणकर्त्यांसाठी खोट्या कागदांवर पासपोर्ट मिळवण्याचा धागा तिथे सापडला. हा सगळा पुरावा आपल्याच हद्दीतला, आपल्याच पंचांसमोर केलेला. सीबीआयने दहा जणांवर आरोपपत्र ठेवलं, त्यातले सात फरार, आणि विमानात चढलेले पाचही जण त्या सातांत. पतियाळाच्या विशेष न्यायालयाने फेब्रुवारी २००८ मध्ये तिघांना जन्मठेप दिली. २०१४ मध्ये उच्च न्यायालयात लतीफची जन्मठेप टिकली, बाकी दोघे मुख्य आरोपांतून सुटले. लोक म्हणतात तपास कच्चा होता. असेलही थोडा. पण मला वाटतं, खटला तेवढाच उभा राहिला जेवढा पुरावा सीमेच्या अलीकडे होता.

दुसऱ्या देशाने मनापासून मदत केली की काय होतं, ते ऑगस्ट १९८४ च्या अपहरणात दिसतं. आयसी-४२१ लाहोर, कराची करत दुबईला गेलं. तिथे अमिरातीने वाटाघाटी केल्या आणि अपहरणकर्ते नंतर भारताच्या हवाली केले. त्यांच्याकडे एक जर्मन बनावटीचं पिस्तूल होतं, जे लाहोरला हाती आल्याचा भारताचा आरोप होता. पश्चिम जर्मनीने पिस्तुलाचा नंबर आपल्या नोंदींत पाहून सांगितलं की ते पाकिस्तानला पुरवलेल्या मालातलं आहे. कोणत्याही साक्षीदारापेक्षा मला असा पुरावा आवडतो. नंबराची उलटतपासणी करून बघा!

आणखी एक प्रकरण मुंबईकरांना जवळचं आहे. पॅन ॲम या अमेरिकी कंपनीचं ७३ क्रमांकाचं विमान मुंबईहून निघालं आणि ५ सप्टेंबर १९८६ ला कराचीत त्याचं अपहरण झालं. त्यातली हवाई सुंदरी नीरजा भनोत त्यातच गेली. पाकिस्तानने पाच जणांवर खटला चालवला, फाशी सुनावली, मग ती जन्मठेप झाली. पण विमान अमेरिकेत नोंदलेलं आणि मेलेल्यांत अमेरिकी नागरिकही होते, म्हणून अमेरिकेने स्वतंत्र आरोप ठेवलेच होते. २००१ मध्ये त्या पाचांतला झैद सफारिनी पाकिस्तानच्या तुरुंगातून सुटला आणि काही दिवसांत एफबीआयच्या हाती लागला. खून कराचीत, साक्षीदार जगभर पांगलेले, घटना पंधरा वर्षं जुनी. मी सरकारी वकील असतो तर झोप लागली नसती. पण डिसेंबर २००३ मध्ये सफारिनीने सगळे ९५ आरोप कबूल केले. बदल्यात फाशी टळली आणि २००४ मध्ये १६० वर्षांची शिक्षा झाली. कबुलीमुळे परदेशी पुराव्याची कोर्टात परीक्षाच झाली नाही.

फाशीचा हा मुद्दा आपल्यालाही नडतो. आपल्या २०१६ च्या अपहरणविरोधी कायद्यात, अपहरणात जीव गेला तर फाशीची तरतूद आहे, आणि युरोपातले देश फाशी होऊ शकेल अशा खटल्यात हात आखडता घेतात. अबू सालेमला पोर्तुगालने २००५ मध्ये दिलं ते फाशी नाही आणि २५ वर्षांपेक्षा जास्त कैद नाही, असं लेखी घेऊनच.

पॅन ॲमच्या बाकीच्या चौघांना पाकिस्तानने २००८ मध्ये सोडून दिलं. पुढच्या वर्षी अमेरिकेने त्यांच्या डोक्यावर प्रत्येकी ५० लाख डॉलरचं बक्षीस लावलं.